मांडुळाची बाजू : प्रस्तावना

विदर्भात मांडूळ निघाला की माणसे घाबरत नाहीत. नाग दिसला तर लोक काठी शोधतात, घोणस दिसली तर लेकरांना मागे ओढतात. मांडूळ दिसला की मोबाइल काढतात. फोटो कुणाला तरी जातो, तो पुढे आणखी कुणाला पाठवतो आणि थोड्याच वेळात फोन येतो, "भाऊ, वजन किती भरते?" साप कोणता आहे, जखमी आहे का, त्याला सोडायचे कुठे, यातले काहीही विचारले जात नाही. हे छोटेसे पुस्तक असा फोन येण्याआधी लोकांच्या हाती पडावे, या एका इच्छेने लिहिले आहे.

मांडूळ पूर्णपणे बिनविषारी आहे. त्याला विषग्रंथी नाहीत, विषदंत नाहीत. आपल्याकडे ज्या सापांच्या दंशाने माणसे मरतात ते प्रामुख्याने चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. सापाची भीती निराधार नाही, हे मी कधीच नाकारणार नाही. रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ती भीती असलीच पाहिजे. पण त्या बारा लाखांत मांडुळाने मारलेला एकही माणूस नाही. गंभीर गोष्ट अशी की निरुपद्रवी असणे हाच या सापाचा घात ठरला. नागाला हात लावायला धट्टाकट्टा माणूसही कचरतो. मांडुळाला पोत्यात भरायला शाळकरी पोरगा पुरतो.

नागपूरला सापाचे अप्रूप जुने आहे. शहरातून नाग नदी वाहते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगताना इथल्या नाग लोकांचा इतिहास लोकांपुढे ठेवला होता. श्रावणात आपल्याकडून हजारो माणसे पचमढीच्या डोंगरात नागद्वारच्या यात्रेला जातात, आणि नागपंचमीला अजूनही कितीतरी घरांत जमीन खणत नाहीत, चुलीवर तवा चढवत नाहीत. या सगळ्या श्रद्धेत मांडुळाला कुठेही जागा मिळालेली नाही. नागाची पूजा होते, धामणीबद्दल गैरसमज असले तरी ती उंदीर खाते हे शेतकरी मान्य करतो. मांडुळाभोवती जे काही रचले गेले, ते सगळे पैशाभोवती.

शास्त्राने त्याची नोंद घेतली १८०१ मध्ये. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कोरोमंडल किनाऱ्यावर काम करीत होता. विषारी साप कोणते आणि बिनविषारी कोणते हे लोकांना ओळखता यावे, म्हणून त्याने साप जमवायला आणि त्यांची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १७९६ मध्ये निघाला. मांडूळ पुढच्या भागात आला. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन नावाचे मिशनरी प्राण्यांचे नमुने गोळा करीत. त्यांच्या नावावरून या सापाला जॉनी हे जातिनाम मिळाले आणि आज तो एरिक्स जॉनी म्हणून ओळखला जातो. घोणशीच्या इंग्रजी नावात ज्या रसेलचे नाव आहे, तो हाच. मांडुळाची पहिली शास्त्रीय ओळख विषारी-बिनविषारीतला फरक सांगण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात झाली, याला मी महत्त्व देतो. सव्वादोनशे वर्षे झाली आणि हा फरक आपल्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर अजून लागलेला नाही.

आता सापाकडे येऊ. मोठा मांडूळ साधारण दोन ते तीन फुटांचा असतो. अंग जाड आणि दंडगोल, मान वेगळी अशी दिसतच नाही. रंग तांबूस तपकिरी, कधी काळपट, कधी कोरड्या मातीसारखा पिवळसर. पिल्ले नारंगी छटेची असतात आणि त्यांच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, काळे पट्टे असतात. वय वाढते तसे ते पुसट होत जातात. खवले बारीक, डोळे इवलेसे, बाहुली उभी. तोंडाचे टोक पाचरीसारखे चपटे आणि धारदार, खालचा जबडा त्याच्या आत बसलेला. त्यामुळे भुसभुशीत मातीत डोके खुपसताना तोंडात माती जात नाही. जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याचे अंग कसे असावे याचा हा साप उत्तम नमुना आहे, आणि ते अंग नीट पाहिले तर त्याच्याबद्दलच्या अर्ध्या अफवा जागीच संपतात.

उरलेल्या अर्ध्या अफवा त्याच्या शेपटीशी येऊन अडकतात. मांडुळाचे शेपूट आखूड आणि बोथट असते, टोकाला गोल. दुरून पाहिले तर डोके कुठले आणि शेपूट कुठले हे चटकन कळत नाही. संकट आले की तो अंगाचे वेटोळे करतो, डोके त्या वेटोळ्याखाली दडवतो आणि शेपूट वर काढतो. हल्ला करणाऱ्या प्राण्याचा पहिला वार त्या वर आलेल्या टोकावर बसतो. शेपटीची जखम भरून येते, डोक्यावर वार बसला असता तर साप मेला असता. वयाने मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर जुने वण दिसतात ते यामुळे. एवढ्या संथ, बिनविषारी, चावायला नाखूश सापाने जगण्यासाठी शोधलेला हा उपाय मला फार विलक्षण वाटतो. नागासारखा फणा नाही, घोणशीसारखा फूत्कार नाही, धामणीसारखा वेग नाही. फक्त शत्रूला चुकीच्या टोकाकडे वळवायचे.

याच शेपटीवरून त्याला दुतोंड्या म्हटले गेले. पुढे गारुड्यांनी त्या समजाचा धंदा केला. शेपटीच्या टोकावर जखमा करून, डाग देऊन ते टोक तोंडासारखे दिसेल असे करायचे आणि दोन तोंडांचा साप म्हणून तो बाजारात दाखवायचा, ही रीत देशभर चालली. सहा महिने तो एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. प्रत्यक्षात शेपटीच्या टोकाला मेंदू नाही, जीभ नाही, दात नाहीत. सापाच्या पोटाखालून पाहिले तर शेवटाच्या थोडे आधी उत्सर्गाचे छिद्र असते आणि तिथून पुढे फक्त शेपूट. दोन डोक्यांचे साप निसर्गात खरोखरच जन्मतात, पण फार क्वचित. गर्भ वाढताना जुळे नीट वेगळे झाले नाही तर असे होते. तेव्हा दोन्ही डोकी एकाच बाजूला, शेजारी-शेजारी असतात, आणि असे पिल्लू रानात फार दिवस तगत नाही. एक डोके पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला, असा साप कुणीही कधीही पाहिलेला नाही.

इराण-अफगाणिस्तानपासून पाकिस्तान आणि भारताच्या कोरड्या भागांपर्यंत हा साप पसरला आहे. आपल्याकडे भुसभुशीत, कोरडी, वाळू मिसळलेली माती त्याला मानवते : कन्हान आणि वेणेच्या काठची, वावराच्या धुऱ्यावरची, बगीच्यातली, जुन्या उकिरड्याच्या कडेची. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो तेव्हा तो उंदराच्या बिळात खोल उतरून राहतो. बाहेर येतो तो बहुतेक रात्री. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरले की दिवसाही दिसतो, आणि नेमका तेव्हाच माणसाच्या हाती लागतो.

उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. उघड्यावर पळणाऱ्या उंदराचा पाठलाग करणे त्याच्या अंगात नाही. तो बिळात शिरतो. तिथल्या अरुंद जागेत उंदराला विळखा घालतो, विळख्याला जागा नसेल तर अंगाच्या जोराने बिळाच्या भिंतीशी दाबून धरतो. बिळातली आंधळी पिल्लेही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, रामटेक-मौद्याकडचा धान, यांतल्या कुठल्याही पिकाच्या शेतकऱ्याला उंदीर काय नुकसान करतो ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही. औषधाच्या गोळ्या बिळाच्या तोंडाशी टाकल्या जातात. मांडूळ बिळाच्या तळाशी पोचतो. तो हे काम फुकट करतो, रात्री करतो आणि पिकाच्या एका पानालाही धक्का लावत नाही.

मांडुळाची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एका वेळी साधारण सहा-आठ, कधी त्याहून अधिक. ती नरापेक्षा मोठी आणि जड असते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढे बाजाराबद्दल बोलताना ती परत लागणार आहे.

त्याआधी एक इशारा, आणि तो मी पुस्तकाच्या आतल्या पानांसाठी राखून ठेवू इच्छित नाही. मांडुळाचा एक जवळचा नातलग आपल्याकडे आढळतो, डुरक्या घोणस. तोही बिनविषारी. पण त्याच्या अंगावर मोठे, वेडेवाकडे गडद डाग असतात, शेपूट आखूड आणि खरखरीत असते, आणि पाहणाऱ्याला तो कधी अजगराचे पिल्लू वाटतो तर कधी घोणस. उलटही घडते, आणि ते जिवावर बेतते : खऱ्या घोणशीला डुरक्या किंवा अजगर समजून लोक हातात घेतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या एकसारख्या डागांच्या रांगा असतात, डोके त्रिकोणी असते आणि डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज करते. पण अंधारात, गवतात, घाबरलेल्या मनाने यातले काही दिसत नाही. म्हणून या पुस्तकात साप ओळखण्याची जी माहिती आहे ती दुरून पाहण्यासाठी आहे. ती वाचून कुणी साप उचलू नये. मांडूळ असल्याची शंभर टक्के खात्री असली तरीही उचलू नये.

भारतात या कुळातली तिसरी जात पश्चिम घाट आणि किनाऱ्याकडच्या पट्ट्यात मिळते. तिचे वर्णन १९९१ मध्ये झाले आणि रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव तिला दिले गेले. विदर्भाशी तिचा संबंध नाही, म्हणून तिच्यावर इथे थांबत नाही.

बाजाराकडे वळतो. मांडुळाच्या सौद्यात 'पार्टी' कायम दूरची असते. ती मुंबईला असते, हैदराबादला असते, परदेशातून येणार असते. मधल्या माणसांची मात्र साखळी असते आणि प्रत्येकाला आपण शेवटच्या माणसाच्या अगदी जवळ पोचलो आहोत असे वाटत असते. सापाची किंमत लाखांत सांगितली जाते, कोटींतही. का, तर त्याने गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, त्याच्यापासून कॅन्सरवर औषध बनते, एड्सवर बनते. यातल्या एकाही दाव्याला काडीचाही आधार नाही. मग येते अट. साप दोन किलोच्या वर हवा, तीन किलोचा असेल तर भाव वेगळा. वावरात सापडणारे बहुतेक मांडूळ काहीशे ग्रॅमचे भरतात. अट मुळात पुरी होऊ नये अशीच घातलेली असते. मधल्या मधे पैसे फिरत राहतात : गाडीभाडे, साप 'तपासायला' येणाऱ्याची फी, टोकन. नापिकीने, कर्जाने आधीच वाकलेला माणूस या खेळात उतरतो तेव्हा त्याला मी लोभी म्हणू शकत नाही. त्याला कुणीतरी आशा विकली आहे, आणि विकणाऱ्याला तो माणूस किती अडचणीत आहे हे पुरेपूर ठाऊक आहे. वीस नखांचे कासव, खवले मांजर, घुबड, तांदूळ ओढणारे भांडे, ही सगळी याच धंद्याची दुसरी दुकाने.

या मधल्या काळात साप कुठे असतो? पोत्यात, प्लॅस्टिकच्या टबात, मातीच्या माठात, पलंगाखाली. वजन वाढावे म्हणून त्याच्या तोंडात जबरदस्तीने खाणे कोंबले जाते. पोटात लोखंडी छर्रे ढकलल्याच्या बातम्याही आल्या आहेत. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो आठवडे, महिने अंधारात काढतो. तोंडाला जखमा होतात, त्या चिघळतात. मेला तर नाल्यात फेकतात आणि दुसरा शोधायला निघतात.

आणि आता त्या जड मादीकडे येतो. वजनाची अट खरी मानून लोक शोधायला निघतात तेव्हा लहान साप सोडतात, मोठे धरतात. मोठ्या म्हणजे बहुतांशी माद्या, आणि सगळ्यांत जड म्हणजे पोटात पिल्ले असलेली मादी. एखाद्या शिवारातून अशा चार-दोन माद्या उचलल्या गेल्या की तिथल्या पुढच्या कित्येक वर्षांच्या पिल्लांचाच बंदोबस्त झाला. इतर कारणांनी साप मरतात तेव्हा लहान-मोठे, नर-मादी असे सगळेच मरतात. हा धंदा मात्र वेचून वेचून वंश वाढवणारे जनावर काढून नेतो. मांडुळाच्या तस्करीत मला सर्वांत घातक वाटते ते हे, आणि बातम्यांत ते कधी येत नाही.

वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतातल्या शाखेने २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या गोळा करून एक अहवाल काढला. त्यात मांडूळ पकडल्याच्या १७२ घटना आहेत, १८ राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या. सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या. हे फक्त पकडले गेलेले आणि वर्तमानपत्रात आलेले. ज्या राज्याने अंधश्रद्धेविरुद्ध कायदा करायला सगळ्यांत मोठी किंमत मोजली, त्याच राज्याचा आकडा सर्वांत वर आहे. त्याच अहवालाने २०२१ मध्ये यूट्यूबवरचे या सापाच्या खरेदी-विक्रीला चालना देणारे दोनशे व्हिडिओ नोंदवले. फसवणूक पूर्वी चावडीवर व्हायची, आता मोबाइलवर होते आणि तिला गावाची वेस उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मांडूळ आज संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून नोंदला आहे.

कायदा काय म्हणतो ते नेमके सांगणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मांडुळाला संरक्षण आहे. त्याला पकडणे, मारणे, जवळ बाळगणे, विकणे, विकत घेणे, सगळेच गुन्हे. रानातले जनावर सरकारी मालमत्ता मानले जाते, तुमच्या सातबारावरच्या जमिनीत सापडले तरी. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि शिक्षा आणखी कडक झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही हा साप आहे.

दुसरा कायदा आपल्या शहराशी फार जवळून जोडलेला आहे. १९८२ मध्ये श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची सुरुवात नागपुरात झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, पाठोपाठ राज्य सरकारने अध्यादेश काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार आहेत. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र, गंडादोरा करणेही आहे. मांडुळाच्या प्रकरणात पोलीस आणि वन विभाग बहुधा वन्यजीव कायद्याने गुन्हा नोंदवतात आणि ते योग्यच आहे. पण जिथे गुप्तधनाचे किंवा पैशांच्या पावसाचे आमिष दाखवून अघोरी विधी मांडला गेला, तिथे हा दुसरा कायदाही तपासून पाहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. साप विकणारा गुन्हेगार आहे आणि स्वप्न विकणाराही गुन्हेगार आहे. दुसऱ्याला सोडून दिले तर तो पुढच्या गावी जाऊन पहिल्यासारखी दहा माणसे तयार करतो.

आता पाळण्याबद्दल. हा प्रश्न हल्ली शहरातली कॉलेजची मुले विचारतात, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांनी इंटरनेटवर पाहिलेले असते की अमेरिकेत, युरोपात लोक साप पाळतात. ते खरे आहे. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा जगात सर्वाधिक पाळला जाणारा साप असावा. केनियाकडचा मांडुळाचा भाऊबंदही तिकडे काचेच्या पेट्यांत वाढवतात, आणि आपला मांडूळसुद्धा तिकडे बंदिवासात जन्मलेल्या पिल्लांच्या रूपात विकला जातो. भारतातही बॉल पायथनसारखी विदेशी जात बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी करावी लागते. पण भारतातल्या रानातला साप घरी ठेवायला कुठलीही परवानगी मिळत नाही. मायेने ठेवला तरी नाही, चार दिवसांसाठी ठेवला तरी नाही.

कायदा नसता तरी मी नको म्हणालो असतो. सापाला माणसाचा लळा लागत नाही. तो माणसाचा हात सहन करतो, आणि मांडूळ इतका शांत आहे की त्याचे सहन करणे आपल्याला प्रेम वाटू लागते. त्याला हवी असते माती, तिच्या आतली बदलती ऊब, काळोख आणि शोधून खायचे भक्ष्य. यातली एकही गोष्ट नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमधल्या पेटीत नसते. शिवाय पाळायला घेतलेला साप येतो कुठून? कुणीतरी तो कुठल्यातरी धुऱ्यावरून उचललेला असतो. हौशी पाळणारा पैसे देतो आणि तस्कराला एक खरे, रोखीचे गिऱ्हाईक मिळते.

सर्पमित्रांनाही इथे एक शब्द सांगायचा आहे, आदराने. महाराष्ट्रात साप दिसला की मारायचा, ही रीत बदलण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात ७२ तास विषारी सापांच्या सहवासात काचेच्या खोलीत राहिले. त्यानंतर सापाकडे पाहण्याची राज्याची नजर बदलायला लागली, आणि पुढे गावोगावी सापाला वाचवणारी तरुण पोरे उभी राहिली. नागपुरात पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोन आला तरी ती निघतात. त्यांच्यापैकी काहीजण पकडलेला मांडूळ दोन-चार दिवस घरी ठेवतात, शाळेत दाखवतात, गळ्यात घालून फोटो काढतात. हेतू जनजागृतीचा असतो. पण पाहणाऱ्या मुलाच्या मनात राहते ते एवढेच, की हा साप हाती धरता येतो. पकडलेला साप लगेच वन विभागाला कळवून, सापडला त्याच्या जवळच, सुरक्षित जागी सोडला गेला पाहिजे.

जप्त झालेल्या सापांचे हाल हा वेगळाच विषय आहे आणि त्याला मी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. गुन्हा दाखल झाला की साप मुद्देमाल ठरतो. पंचनामा होतो, न्यायालयाची परवानगी लागते. तोवर त्याला ठेवायचे कुठे? नागपूरचे नशीब असे की वन विभागाचे राज्याचे मुख्यालय इथेच आहे, सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. दूरच्या तालुक्यात पकडलेल्या सापाला असे दार जवळ नसते. आणि उपचार होऊन बरा झाला तरी तो मुळात कुठल्या शिवारातून आणला हे आरोपी सांगत नाहीत. अनोळखी मातीत सोडलेल्या, बिळात जगणाऱ्या सापाला तिथली बिळे माहीत नसतात. न्यायालयाच्या परवानगीची प्रक्रिया जितकी लवकर उरकेल तितके बरे, एवढी विनंती मी संबंधित सर्वांना करतो.

तस्करीबरोबरच आणखी दोन गोष्टी मांडुळाचा जीव घेत आहेत, आणि त्यांत कुणाचाही हेतू वाईट नाही. नागपूरभोवती बेसा, हुडकेश्वर, हिंगणा, जामठा, जिकडे पाहावे तिकडे वावराचे लेआउट पडले. जेसीबीने वरचा थर खरवडला की बिळांसकट सगळे जाते. आणि रस्ते : दिवसभर तापलेले डांबर रात्री ऊबदार राहते, साप त्यावर येतो, आणि मांडुळासारखे सावकाश जनावर गाडीपुढून वेळेत सरकू शकत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला. त्यात मोठ्या जनावरांसाठी ठिकठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग ठेवले गेले आहेत, ही चांगली गोष्ट. गावागावांतल्या रुंद झालेल्या साध्या रस्त्यांवर मात्र असे काही नाही.

हे पुस्तक कुणासाठी, हे सांगून थांबतो. ते तज्ज्ञांसाठी नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, अमरावतीच्या शेतकरी कुटुंबांसाठी, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षकांसाठी आहे. प्रकरणे कुठूनही वाचावीत. फोटो नीट पाहावेत, विशेषतः मांडूळ, डुरक्या आणि घोणस शेजारी-शेजारी छापलेले पान. ते पान फाडून शाळेच्या भिंतीवर लावले तर मला आनंद होईल.

वावरात मांडूळ दिसला तर त्याला तिथेच राहू द्या. विहिरीत, घरात किंवा जाळ्यात अडकला असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कुणी तो विकत मागत असेल तर त्याच क्रमांकावर कळवा. आणि साप कुठलाही असो, चावला असेल आणि ओळख पटली नसेल, तर १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळते.